पहिला घोट आप्पांचा

लिव्हरची बायोप्सी करायला जाऊन ती न करताच परत आलेला, असा आमच्या किन्हवलीच्या बाजूला मी एकटाच असेन.

तारीख मिळाली होती, शाळेत रजा टाकली होती, आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं. दवाखान्यातला तो मागून उघडा अंगरखा चढवून मी पलंगावर बसलो होतो. सिस्टर कागद भरत होत्या. त्यांनी विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी पुन्हा विचारलं, "रक्त पातळ करायची वगैरे?" मी म्हटलं, "छे." माझी बायको सुमन माझा शर्ट हातावर घेऊन दारात उभी होती. तिनं त्या शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि सिस्टरांपुढे धरली.

"ही रोज घेतात. दोन वर्षं झाली."

एकदा छातीत कळ आली तेव्हा शहापूरच्या डॉक्टरांनी ती गोळी दिली होती. इवलीशी. मी ती जेवणानंतर बडीशेपेसारखी तोंडात टाकायचो, त्यामुळे ती औषधात मोडते हे माझ्या डोक्यातच नव्हतं. नेमकी तीच रक्त पातळ करणारी. डॉक्टर आले, पट्टी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "आत सुई गेली असती आणि रक्त थांबलं नसतं, म्हणजे?" शहापूरच्या डॉक्टरांना फोन करून त्यांनी गोळी किती दिवस थांबवायची आणि परत कधी सुरू करायची ते लिहून दिलं, आपल्या मनानं बंदही करायची नाही हे दोनदा बजावलं आणि मला कपडे घालायला सांगितलं.

परतीच्या वाटेवर आसनगाव आलं. तेव्हा सुमन म्हणाली, "मी आले नसते तर?"

पुढच्या खेपेला बायोप्सी झाली. निघाली नुसती चरबी. सव्वीस वर्षं शाळेच्या ऑफिसात खुर्ची गरम केल्याचं फळ. पण गावात मी 'बायोप्सीवाला' झालो. लिव्हरचा तुकडा काढून घेतलेला आणि तरीही सोसायटीच्या मीटिंगला येऊन बसणारा माणूस लोकांनी पहिल्यांदाच पाहिला होता. म्हणून चिंधूआप्पांवर ती पाळी आली तेव्हा ते सल्ला विचारायला माझ्याकडे आले. त्या शहाणपणाचा माझ्याकडे किती साठा होता हे वर लिहिलंच आहे.

चिंधूआप्पा आमचे शेजारी. मधे एक कुंपण, तेही आमच्या बाजूनं मोडलेलं. गावात त्यांना आडनावानं कुणी ओळखत नसे. पण 'काविळीचे आप्पा' म्हटलं की एसटीचा कंडक्टर माणसाला बरोबर आमच्या फाट्यावर उतरवून द्यायचा. गुरुवार आणि रविवार, सकाळी, ऊन तापेपर्यंत. शहापूरकडून लोक यायचे, मुरबाड-सरळगावकडून यायचे, तानसाच्या बाजूच्या पाड्यांवरून यायचे. डोळे पिवळे, पाय ओढत चाललेले, सोबतच्या माणसाच्या खांद्यावर मान टाकलेले. आप्पा कुणाकडून काही घेत नसत. कुणी नारळ ठेवला तर तो त्याच्याच पिशवीत परत घालायचे.

माणूस उंच, वाळलेल्या बांबूसारखा. डोक्याला टोपी, कानांवर केसांचे झुबके आणि बारा महिने बगलेत छत्री. ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. भर पावसातही ती बगलेतच. विचारलं तर म्हणायचे, "उघडली की जुनी व्हते रे."

त्यांचा ओटा पूर्वेकडे तोंड करून होता. आप्पा उन्हाकडे पाठ करून बसत आणि रोग्याला समोर बसवत, म्हणजे ऊन थेट त्याच्या तोंडावर यावं. मग अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढून डोळा बघत. बघताना स्वतः श्वास धरायचे. लहानपणी आम्ही कुंपणापलीकडून तो श्वास मोजायचो. लवकर सुटला तर औषध मिळणार. लांबला तर आप्पा मान हलवून म्हणणार, "ही माजी नाय. शहापूरला जा. आज जा, उद्या नको."

एकदा एक सासू आपल्या पोटुशी सुनेला घेऊन आली. आप्पांनी डोळा बघितला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. सासू म्हणाली, "यवढ्या लांबनं आलो, थोडं तरी द्या." आप्पा म्हणाले, "मी यका जीवाचं औषध करतो गो. हिच्यात दोन हायेत." सासू तिथंच बसून राहिली. तेव्हा आप्पा उठले, छत्री घेतली, फाट्यापर्यंत चालत गेले आणि एक भरलेली जीप आडवी उभी राहून थांबवली. तीन माणसांना खाली उतरवलं. त्यात एक आमचे हेडमास्तर होते. हेडमास्तरांना ते म्हणाले, "तुमची शाळा उद्या पन असंल." ती बाई वाचली, असं पुढे कळलं. हेडमास्तर बरेच दिवस धुसफुसत होते, आणि ऐकायला शाळेत मीच होतो.

डोळे बघायची ही सवय त्यांना सुटत नसे. पौषात मुरबाडकडच्या म्हशाच्या जत्रेला आम्ही मिळून जायचो. बैलबाजारात लोक बैलाचे दात बघतात, खूर बघतात. आप्पा पापणी ओढायचे. घ्यायचा नसलेल्या बैलाची पापणी कुणी ओढली तर मालक कसा बोलेल? एकानं तर विचारलं, "म्हाताऱ्या, बैल घेतोस का त्याला चष्मा लावतोस?" आप्पा शांतपणे म्हणाले, "बैल बरा हाय. तुजाच डोळा दाव." त्या माणसानं हसत हसत दाखवला. पुढच्या गुरुवारी तो आमच्या फाट्यावर उतरला.

औषध कशाचं होतं ते मला आजही माहीत नाही. त्यांच्या एकुलत्या एका मुलालाही, एकनाथलाही, ठाऊक नव्हतं. आप्पांना त्यांच्या बापानं दोन नियम घालून दिले होते. पहिला, औषधाचं नाव तोंडातून काढायचं नाही. बोललं की गुण गेला. ते पहाटे मुळी आणायला निघाले की कुणी हाक मारली तरी वळत नसत. शाळकरी वयात मी एकदा मुद्दाम हाक मारली. त्या दिवशीची मुळी त्यांनी ओढ्यात टाकली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मला एक शब्द बोलले नाहीत. तो न बोललेला शब्द अजून माझ्या कानात आहे.

दुसरा नियम असा, की परक्या माणसाला जे प्यायला द्यायचं ते आधी आपण प्यायचं. पितळी पेल्यात काढा ओतायचा, वरून एक घोट स्वतः घ्यायचा आणि मग पेला पुढे करायचा. दर रोग्याला नवा पेला भरायचा, आणि दर पेल्याचा पहिला घोट आप्पांचा. म्हणायचे, "आधी माज्या पोटात, मंग तुज्या." मुरबाडच्या कुठल्याशा ऑफिसातले एक साहेब गाडी करून आले होते. ते म्हणाले, "बाटलीत भरून द्या, घरी घेतो." आप्पांनी नकार दिला. "बाटलीतलं तू यकटा पिनार. मी काय प्यालो ते तुला कसं कळनार?" साहेबांनी शेवटी ओट्यावर मांडी घातली आणि तोंड वाकडं करत पेला रिकामा केला.

मीही प्यायलोय. दहावीच्या वर्षी मला कावीळ झाली होती. कडू, तुरट, आणि मागून जिभेला मुंग्या. आप्पांनी पहिला घोट घेतला तेव्हा त्यांचं तोंडही माझ्याइतकंच वाकडं झालं होतं, आणि त्याच एका गोष्टीवर मी माझा पेला संपवला.

हे असं चाळीसेक वर्षं चाललं.

मागच्याच्या मागच्या साली दिवाळीनंतर आप्पा गवताचा भारा डोक्यावर घेऊन येताना आमच्या कुंपणाशी बसले. भारा खाली, छत्री मांडीवर, आप्पा मधे. मला वाटलं, विडी ओढायला बसले असतील. अर्ध्या तासानं बघितलं तर तसेच. सुमन पाणी घेऊन गेली. परत येऊन मला म्हणाली, "अहो, आप्पांच्या डोळ्यांत हळद आहे."

सगळ्या तालुक्याच्या पापण्या ओढणाऱ्या माणसाचे डोळे बघायचे कुणी? घरात आरसा होता तो एकनाथच्या दाढीचा, आणि एकनाथ वाशिंदच्या कंपनीत पाळीवर. आप्पांना मात्र आतून कळलं असावं, कारण ते स्वतःचंच औषध वाढवून घेत होते, गुरुवार-रविवारच नव्हे, रोज. अंगाला खाज सुटायची. दोन घास खाल्ले की पुरे. सारखं एकच म्हणायचे, "दमलो रे." हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता.

शहापूरला रक्त तपासलं, तिथून ठाण्याच्या बाजूच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. एकनाथला रजा मिळेना, म्हणून मी सोबत. तिथल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांच्या डोळ्यांखाली आप्पांपेक्षा जास्त काळं होतं. काविळीचे विषाणू तपासून झाले, ते नव्हते. सोनोग्राफीत खडा नव्हता, अडथळा नव्हता. मॅडम म्हणाल्या, "बाबा, लिव्हर कशानं तरी सुजतंय आणि कशानं ते कळत नाही. छोटासा तुकडा काढून बघावा लागेल. दारू?"

"नाय."

"कसल्या गोळ्या?"

"नाय."

"झाडपाल्याचं काही? कुणी दिलेलं, गावठी?"

आप्पांनी छत्री या बगलेतून त्या बगलेत घेतली. "नाय."

मी शेजारच्या खुर्चीवर होतो. मला सगळं माहीत होतं. पितळी पेला माहीत होता, चाळीस वर्षांचे गुरुवार माहीत होते. खिशातल्या गोळीचं न सांगून फजीत झालेला माणूस मी. निदान मी तरी तोंड उघडायला हवं होतं. मी समोरच्या भिंतीवरचं यकृताचं रंगीत चित्र बघत बसलो. ओढ्यात टाकलेली ती मुळी मला आठवत होती, एवढंच सांगता येईल.

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "बोलला नायस, बरं केलंस." मला काही बरं वाटलं नाही. घरी सुमनला मी तारखेचं सांगितलं, तपासण्यांचं सांगितलं, कँटीनमधल्या पाणचट चहाचंही सांगितलं. हे सांगितलं नाही.

तारखेच्या आधी आप्पा रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसू लागले. मी त्यांना बाजेवर उताणं झोपवून दाखवायचो. उजवा हात डोक्याखाली. बरगड्यांच्या मधे बधिर करायचं इंजेक्शन देतात, तेवढं चावतं. मग डॉक्टर म्हणतील, श्वास सोडा आणि धरा. तेवढ्या वेळात सुई आत जाऊन बाहेर येते, आपण हलायचं नाही.

"किती येळ धरायचा?"

"पाच-सात सेकंद, आप्पा."

"यवढंच? मी डोळा बगताना याच्याहून जास्ती धरतो." आणि त्यांनी धरून दाखवला. शेजारपाजारचे चारजण बघायला आले होते, त्यांनीही धरला. सुमन चहा घेऊन आली तर ओसरीवर सहा माणसं गाल फुगवून बसलेली. मी तिला 'श्वास सोडून धरायचा असतो, भरून नव्हे' हे समजावून सांगू लागलो, तर ती म्हणाली, "मला नका सांगू, माझी नाहीये."

आप्पांचे प्रश्न नेमके असत. तुकडा केवढा? दोऱ्याएवढा बारीक, बोटाच्या एका पेराएवढा लांब. काढलेलं भरून येतं का? येतं. दुखतं का? नंतर दुखतं, आणि गंमत म्हणजे उजव्या खांद्यात दुखतं, त्याला घाबरायचं नाही, पण सिस्टरांना सांगायचं. घरी लगेच सोडतात का? काही तास झोपवून ठेवतात, नाडी बघत राहतात, कारण आत रक्त सुटलं तर ते बाहेरून दिसत नाही. मग एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "रम्या, त्या तुकड्यावर कळतं का, मानूस काय प्यालेला हाय ते?"

मी म्हटलं, "इजा झालेली दिसते, आप्पा. कशानं झाली, त्याचं नाव तिथं लिहिलेलं नसतं. आपण सांगितलं तर त्यांना ते जुळवून बघता येतं. नाही सांगितलं तर तुकडा काढूनही निम्मं अंधारातच."

"हं," म्हणाले, आणि छत्री घेऊन गेले.

त्यानंतरच्या गुरुवारी मी दात घासत कुंपणाशी उभा होतो. ओट्यावर मुरबाडकडची दोन माणसं बसली होती, एक पिवळा, एक बरा. आप्पांनी डोळा बघितला. पेल्यात काढा ओतला. पेला वर नेला, आणि तो घोट काही त्यांच्या तोंडात पडेना. हात तसाच वर. शेवटी त्यांनी पेला खाली आणला, पातेलंही उचललं आणि सगळं कुंपणाच्या मुळाशी, माझ्या पायांपासून दोन हातांवर, ओतून टाकलं.

"आज नाय," ते त्या माणसांना म्हणाले. "शहापूरला जा."

"आप्पा, कावीळ तुमची नाय का?"

"मलाच म्हाईत नाय, माजी कुठली ती."

बायोप्सीच्या दिवशी गावातल्या एकाची इको गाडी केली. आप्पा उपाशी, मीही न सांगता उपाशी. दवाखान्यात तासभर बाकावर. सगळेच दमलेले, शिपाईसुद्धा भिंतीला टेकून उभा. आत घेतल्यावर मॅडमनी रक्ताचे रिपोर्ट बघितले. गोठायला किती वेळ लागतो ते ठीक होतं. संमतीचा कागद त्यांनी वाचून दाखवला. रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित दुसऱ्या अवयवाला इजा होऊ शकते, फार क्वचित जीवावरही बेततं. आप्पा मन लावून ऐकत होते. सही करायच्या आधी त्यांनी विचारलं, "हे सगळ्यांना आधी सांगता?"

"सगळ्यांना."

"मंग मी पन सांगायला पायजे."

त्यांनी पहिल्यांदाच, माझ्या देखत, ती छत्री उघडली. आतून एक फडक्याचं गाठोडं निघालं. गाठ सोडली. वाळलेली मुळं, सालीचे तुकडे, चार चुरगळलेली पानं.

"तोंडानं बोलायचं नाय असं बापाला वचन हाय," ते म्हणाले. "हातानं दिऊ नको, असं तो बोलला नव्हता."

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. "किती दिवस घेताय, बाबा?"

आप्पांनी माझ्याकडे बोट केलं. "आधी ह्याला भाईर काढा."

मला बाहेर काढलं. इतक्या खेपा घातल्या, इतके श्वास धरले, आणि ऐन वेळी दार माझ्या तोंडावर बंद. अर्धा तास मी बाहेरच्या बाकावर होतो. तेवढ्यात त्या खोलीत वचनाचं काय झालं, ते आप्पा आणि मॅडम या दोघांनाच माहीत. दार उघडलं तेव्हा मॅडम चष्मा पुसत होत्या. मला म्हणाल्या, "हे आधी कळलं असतं तर आधी औषध बंद करून वाट बघितली असती. आता इतक्या वर्षांचं आहे, तर आत कितपत नुकसान झालंय ते बघायलाच हवं. करूया." मी मान खाली घालून बरं म्हटलं.

बायोप्सीला सगळी मिळून पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. बाहेर आणल्यावर आप्पा म्हणाले, "टक् असा आवाज येतो रे. तुज्या हाफिसातल्या त्या पिना मारायच्या मशिनीसारका. ते का सांगितलं नायस?" खरंच, विसरलो होतो. त्यांना उजव्या कुशीवर झोपवलं. सिस्टर दर पंधरा मिनिटांनी येऊन नाडी आणि ब्लडप्रेशर बघायच्या. तिसऱ्या खेपेला आप्पा म्हणाले, "मगाशी बघितली ना गो पोरी? पळाली का कुठं?" मग खांदा दुखायला लागला, तेव्हा त्यांनी मोठ्या अभिमानानं जाहीर केलं, "खांदा दुखतोय. ह्यो येनार व्हता."

संध्याकाळी सोडताना कागदावर लिहून दिलं. आठवडाभर ओझं उचलायचं नाही. पोटात जोरात कळ आली, चक्कर आली, ताप आला, दम लागला, शौचाला काळं झालं, तर थांबायचं नाही, सरळ दवाखान्यात. पहिली रात्र लांब जाऊ नका म्हणाले, म्हणून आम्ही कल्याणला माझ्या भाचीकडे राहिलो. आप्पांनी तिच्या घरातल्या सगळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या.

रिपोर्ट यायला दहा-बारा दिवस गेले. मॅडमनी तो आम्हाला दोनदा समजावला. शंभर टक्के असं कुणी सांगू शकत नाही. पण तुकड्यातली सूज आणि आप्पांनी दिलेली माहिती जुळते. औषधानंच झालेलं असावं. थोडे व्रण पडलेत. पूर्ण बंद केलंत तर बाकीचं लिव्हर सावरेल.

"बंदच हाय," आप्पा म्हणाले. मग, "मॅडम, मी तर यकेक घोट घेतला. ज्यांना पेला पेला दिला, त्यांचं काय?"

"ते एकदा-दोनदाच घेत होते, बाबा. तुम्ही वर्षानुवर्षं घेतलंत. बहुतेकांना काही झालं नसेल. कुणाला झालंही असेल." मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांना खोटं बोलता येत नसावं. "आणि खरं सांगायचं तर, पुष्कळ काविळी आपोआप बऱ्या होतात. विश्रांतीनं. औषध दिलं नाही तरी."

आप्पांनी मान डोलावली. इको गाडीत बसल्यावर, गाडी शहापूर सोडून किन्हवलीच्या रस्त्याला लागल्यावर, ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हंजे बरे झाले ते आपले आपनच झाले." मी ड्रायव्हरला खड्डे चुकवायला सांगितलं.

खाज गेली. डोळे निवळले. थकवा मात्र पुरता गेला नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, वेळ लागेल. एकनाथनं फाट्यावर पाटी लावली, की औषध बंद आहे. लोक पाटी वाचून येतच राहिले. आपल्याला नाही म्हटलंय असं कुणालाच वाटत नव्हतं.

आप्पा या साली गेले, झोपेतच, ऐंशीच्या पुढचे होते. त्यांना मी शेवटचं नीट पाहिलं ते म्हशाच्या जत्रेआधीच्या रविवारी. मी बाजारातून मोटरसायकलवर येत होतो. ओट्यावर आप्पा उन्हाकडे पाठ करून बसलेले, समोर एक नवरा-बायको. आप्पा बाईच्या पापणीखाली बघत होते, श्वास धरून. श्वास सुटल्यावर त्यांनी पितळी पेला उचलला. मी गाडी बंद केली. कळशीतलं साधं पाणी होतं. त्यांनी वरून एक घोट घेतला आणि पेला तिच्यापुढे केला.

"पानी हाय. लांबनं आलीस. पी, आनि शहापूरला जा. रगत तपासायला दे."

नवरा म्हणाला, "आप्पा, मागं यकदा हिला तुमीच औषध दिलं व्हतं. तसंच द्या ना."

"मंग ते पन डॉक्टरला सांग. काय प्यालात, किती टाइम प्यालात, सगळं सांग. इचारलं तर सांग, नाय इचारलं तरी सांग." ते थांबले, दम घेतला. "आनि चिंध्यानं दिलं म्हनून सांग. माजं नाव घ्यायला लाजू नको."

मग त्यांना मी दिसलो. बगलेतली छत्री थोडी वर केली आणि पुन्हा बगलेत घेतली.

घरी येऊन मी हे सगळं सुमनला सांगितलं, पाण्याचा पेला, नाव घ्यायचं, छत्रीसुद्धा. ती वाल सोलत होती. सगळं ऐकून घेतलं तिनं, हातातली शेंग संपवली.

"त्या पहिल्या खेपेला तुम्ही मॅडमसमोर गप्प बसला होतात," ती म्हणाली. "आप्पांनी मला त्याच आठवड्यात सांगितलं. तुम्ही कधी सांगताय, ते बघत होते मी. वर्ष झालं."